पोच

राजारामपुरी, सातवी गल्ली, दुसरा मजला.
खाली बेकरी, म्हणून जिन्याला दिवसभर खारीचा वास.
वर अठरा खुर्च्या, एक काचेची खोली,
एक कॉफीचं यंत्र, गेल्या गणपतीपासून बंद,
आणि दाराबाहेर एक्केचाळीस कंपन्यांच्या पाट्या.

अठरा खुर्च्यांवर एक्केचाळीस जण कसे मावणार,
पहिल्याच दिवशी मी विचारलं.
हिंदुराव मालक म्हणाले,
"बसायचं नसतंय, शालनबाई. असायचं असतंय."

कंपनीला पत्ता लागतो, जन्मल्यापासून तीस दिवसांत.
दोन महिन्यांच्या आतलं लाइट बिल,
जागामालकाची ना-हरकत,
आणि पाटी, इंग्रजी असली तरी मराठीतही.
म्हणून यल्लाप्पा पेंटर महिन्यातून एकदा येतो,
पायताण जिन्याखाली सोडून,
आणि 'सिनर्जी' कसं काढायचं ते मला विचारतो.
मी बारावी नापास.
रफार कुठं द्यायचा तेवढं कळतं.

शिवाय आत कुणीतरी हवं,
साडेदहा ते सहा,
पोस्टमन आला तर हात पुढं करायला.
ते कुणीतरी म्हणजे मी.

उन्हाळ्यात जीएसटीचे साहेब आले.
पाटीचा फोटो काढला, घाम पुसला,
"कंपनी कुठाय?"
मी चार नंबरचं टेबल दाखवलं.
त्यावर कुणाचातरी डबा होता.
"आणि तुम्ही कोण?"
काय सांगणार. पत्ता, म्हटलं.
ते हसले नाहीत.
लिहून घेतलं की काय, कोण जाणे.

रजिस्टरला चार रकाने: तारीख, कुणाचं, कुठनं, सही.
बँकेचं पाकीट जाड, आयकराचं पातळ,
वकिलाच्या पाकिटाला डिंक जास्त.
मी एकही उघडत नाही.
फोन करते, "आलंय तुमचं काहीतरी,"
आणि पलीकडं जो श्वास ऐकू येतो
त्यावरनं धंदा कसा चाललाय ते समजतं.

विश्वंभर चौगुले, मुरगूडचा.
'मृगव्याध सोल्युशन्स प्रायव्हेट लिमिटेड.'
पाटी लागली त्या दिवशी आईला घेऊन आला,
तिला पाटीखाली उभं करून फोटो काढला.
ती माउली चप्पल काढून उभी राहिली.
अर्धा किलो पेढे अठरा खुर्च्यांना पुरले नाहीत,
कारण त्या दिवशी नेमकी सगळी आली होती.
मग तो आठवड्यातनं दोनदा यायचा.
मग महिन्यातनं.
मग नुसती पाकिटं यायची.

दसऱ्याआधी त्याचं एक आलं, सरकारी, तपकिरी.
मी सही केली.
इथं सही झाली की ते त्याला मिळालं,
तो मुरगुडात दूध संस्थेत फॅट तपासत बसला असला तरी,
झोपला असला तरी.
माझ्या दीड इंच सहीत एवढं बळ असेल
हे माझ्या बापाला सांगितलं असतं
तर त्यानं आधी मला पाणी प्यायला दिलं असतं.

तीनदा रिंग गेली. चौथ्यांदा उचलला.
"नाव काढणार म्हणत्यात, मावशी. ठावं हाय मला.
राहू दे तिथंच.
घरात आलं तर आई विचारंल."

पाकीट माझ्या खणात आहे,
पित्ताच्या गोळ्या आणि कुणाकुणाचे चार्जर यांच्या खाली.
पोचलेलं.

काल यल्लाप्पा आला. दोन पाट्या नव्या, एक पुसायची.
थिनरचं फडकं फिरवलं,
'मृग' गेलं, 'व्याध' गेला, 'लिमिटेड' जरा चिवट निघालं.
चारच्या सुमाराला जिन्यातनं ऊन तिरकं आलं
तशी पत्र्यावर अक्षरं परत दिसायला लागली,
रंगाशिवाय, नुसती उमटलेली.

"आणि एक हात मारू का?"

खाली पोस्टमनची सायकल लागल्याचा आवाज.
मी पेन शोधत होते.
"थांब जरा," म्हटलं.