वाटा

वही मागितलीस, करुणा, म्हणून देतोय.
पण आधी हे ऐक.

निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी.
डावीकडे नावं, उभादांडा, नवाबाग, कॅम्प.
उजवीकडे माझ्या हातच्या खुणा:
टिंब म्हणजे ओळख झाली,
फुली म्हणजे चहा झाला,
गोल म्हणजे एकदा उपासनेला आला,
मागच्या बाकावर बसला
आणि गीताच्या वेळी सगळ्यांच्या नंतर उभा राहिला.
शेवटचा रकाना चांदणीचा.
चांदणी कुणाच्याच नावापुढे नाही,
जागा मात्र मी पट्टीने आखून ठेवली होती.

एकविसावी ओळ बघ. लौकिक गिरप.
आयटीआय, डिझेल मेकॅनिक, दुसरं वर्ष.
आवड: कॅरम.
मला कॅरम येत नव्हतं.
मी त्याच्यासाठी शिकलो, नख काळं पडेपर्यंत,
आणि भोकाच्या तोंडावरची राणी
मुद्दाम सोडायचो, तो हसावा म्हणून.
त्याला मी तेव्हा प्रीती म्हणत होतो.

नाताळच्या आधीचा आठवडा.
नवाबागेत रापण ओढत होते.
मी पॅन्ट दुमडून दोराला लागलो, अगदी शेवटी,
जाळं किनाऱ्याला टेकता टेकता.
लौकिक माझ्या पुढे. पाठमोराच म्हणाला,
"तू वहीत माझा नाव लिवलंस म्हणे."
दोर हातातून सुटला नाही.
"मी तुमच्यातलो झालंय नाय,
तरी येतलस काय रे, कॅरम खेळूक?"
हो तर, मी म्हणालो.
फार लवकर म्हणालो.
दोरावर दोन हात पुढे सरकून तो बोलला,
"आमी मासो धरतांव.
पण धरूच्या आदी तेचे दोस्त होणांव नाय."

रागावला असता तर बरं झालं असतं.

मग वाटे पडले. वाळूवर बांगड्यांचे ढीग,
सकाळपासून ओढणाऱ्या म्हाताऱ्यापुढे जेवढा
तेवढाच माझ्यापुढे.
मी मागे सरलो तर तांडेल खेकसला,
"दोराक हात लागलो मा? मग घे."
उन्हं उतरताना आलेल्यालाही पुरी मजुरी,
ही गोष्ट मी पोरांना कितीदा सांगितलीय,
फळ्यावर द्राक्षमळा काढून.
घेणारा होऊन ती कधी ऐकली नव्हती.
पिशवी सायकलला अडकवून घरी गेलो.
हाताची सालं निघाली होती,
आईने विचारलं, एवढे कुणी दिले?
मला नीट सांगता आलं नाही.

त्यानंतर वहीत काही नाही.
ऑगस्टमध्ये आई दवाखान्यात होती, अकरा रात्री.
लौकिक पेजेचा डबा घेऊन यायचा
आणि बाकावर आडवा होऊन घोरायचा.
त्याच्याकडे वही नव्हती.

सातव्या रात्री त्याने विचारलं,
"डोळे मिटून तू काय बोलतस?"
याचं उत्तर मला पाठ होतं, करुणा,
शिबिरात शिकवलेलं, पाच मुद्दे.
मी म्हणालो, भीती वाटते, तेवढंच सांगतो.
कुणीतरी ऐकतंय असं वाटतं.
कधीकधी नाही वाटत.
"कोण ऐकता?"
तेव्हा येशूबद्दल बोललो,
जसं घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं,
अडखळत, मध्येच थांबत,
त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतंय
ते न बघता.
"बरा," तो म्हणाला, आणि डबा धुवायला गेला.

तू विचारशील, पुढे काय झालं.
आई घरी आली.
तो सातेरीच्या जत्रेला जातो, उपासनेला येत नाही.
एकदा पहाटे तीनला फोन करून म्हणाला,
बाबांची होडी परतली नाही, तू डोळे मिट.
मी मिटले. होडी सहाला आली.
हे मी कुठेही लिहिलेलं नाही.

राणी मी आता सोडत नाही.
बहुतेक वेळा तोच जिंकतो.
ही वही घे, मागची पानं कोरी आहेत,
दूधवाल्याच्या हिशेबाला होतील.
आणि रविवारी चारला तूही ये,
गिरपांच्या पडवीत.
कॅरम येत नसेल
तर येत नाही म्हण.