तळातला नळ

मुश्ताक तांबोळी साडेसहालाच आला.
"उन्हं चढली, नळ्या तापल्या, की काच तडकते काका,
आधी काहीतरी पांघरा त्यांच्यावर."
मी जुनी सोलापुरी चादर काढली,
गच्चीवरच्या पंधरा नळ्यांना
थंडीतापाच्या माणसासारखं गुंडाळलं.

धायरीचं बोअरचं पाणी.
केसांचा काथ्या होतो, डाळ शिजता शिजत नाही,
चहा ओतला की वर चकचकीत तवंग.
असलं पाणी तेरा वर्षं तापवून
गळायला लागली सोलरची टाकी.
नवी जिन्यात उभी आहे, अजून प्लास्टिकमध्ये.
मुश्ताक म्हणाला, ती शेवटी,
आधी या पायपांचं पोट साफ करू,
नाहीतर जुनंच सगळं
नव्यात जाऊन बसेल.

वरचे नळ उघडले एकेक करून.
गुळगुळ झालं, चमचाभर पाणी पडलं,
मग नळ नुसतेच हवा ओढत राहिले.
"खाली कोण राहतं?"
"भाऊ."
"मग सांगा की त्यांना! लाइन एकच आहे.
वरून हवा जाते, पाणी खालून निघतं.
तळातला नळ उघडल्याशिवाय
काही रिकामं व्हायचं नाही."

त्याला काय माहीत.
टँकरच्या अकराशे रुपयांवरून
चार वर्षं दिगू आणि मी बोललेलो नाही.
पण टाकी एकच होती, आणि पाणी चहाडखोर.
सहाला कोमट आलं, म्हणजे त्याची आंघोळ झाली.
पाचलाच गार, म्हणजे मुलगी माहेरी आलीय
आणि नातवाला टबात बसवलंय.
गेल्या श्रावणात ओळीनं दहा दिवस
दुपारी बारापर्यंत पाणी कढत राहिलं,
तेव्हा समजलं, तो घरात नाही,
दवाखान्यात आहे.
मी त्या दहा दिवसांत भरपूर गरम पाण्यानं आंघोळ केली.
गेलो नाही.

अठरा पायऱ्या. बेल.
दिगूच्या तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस.
"गरम नळ उघड," मी म्हणालो.
"कुठला?"
"बाथरूमचा. पूर्ण."
"बेसिनचा?"
"तोही."

आधी नळ खोकला.
मग विटकरी थुंकला, एकदम, भिंतीवर, दिगूच्या लेंग्यावर,
मग शेवाळी, मग ताकासारखं,
आणि त्यातून खवले,
अंड्याच्या कवचासारखे पांढरे, कडक,
एक कुजलेला वॉशर,
तेरा वर्षांपूर्वीच्या टेफ्लॉन टेपचं शेपूट.
बादली भरली. त्यानं दुसरी सरकवली.
भरलेली मी उचलली, मोरीत ओतली.
कुणी कुणाला सांगितलं नाही.

"येतंय का?" मुश्ताक वरून ओरडला.
फेस गिळून दिगू ओरडला, "येतंय!"
आणि उगाच, ऐकू गेलेलं असूनही,
मीही ओरडलो, "येतंय!"

मग लिंबूसत्त्वाचं पाणी वरून सोडलं,
तासभर मुरू दिलं पायपांत.
त्या तासात चहा झाला, त्याच्याकडे.
कपावर तोच तवंग.
"फिल्टर का नाही बसवत?" मी विचारलं.
"तू बसवलायस?"
नव्हता.

तीनदा धुतल्यावर पाणी स्वच्छ आलं.
खवले मुश्ताकनं वर्तमानपत्रावर पसरले,
तळहातावर तोलून म्हणाला, "पाव किलो तरी असेल."
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो,
घरात कुणी नाणी शोधावीत तसे.
दुपारी नवी टाकी चढली. चादर निघाली.
"आज गरम पाणी नाही," तो म्हणाला,
"उद्या सकाळी बघा."

सकाळी सहाला नळ सोडला.
कोमट होतं.
बोट धरून राहिलो धारेखाली, बराच वेळ.
अकराशे रुपयांचा विषय
अजून निघालेला नाही.