शिट्टीखालचा शब्द

आमच्या घरात जी-चा सूर कूलर लावतो.
चेष्टा नाही. मी वीज खात्यात मीटर तपासतो,
मला माहीत आहे: पन्नास सायकलची वीज
पंपात, पंख्यात, कोपऱ्यावरच्या डीपीत दिवसरात्र गुणगुणते,
आणि ती गुणगुण जी-च्या केसभर वर असते.
मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करून कुणी गिटार शिकत नाही.
म्हणून माझ्या सहाही तारा केसभर वर.
मोहननगरचे फ्रेडरिक सर आधी कानांवर हात ठेवायचे,
आता म्हणतात, असू दे, ट्रान्सफॉर्मर सोबतीला आहे.

गाणं एकच शिकायचं आहे.
चार कॉर्ड. तीन गरीब स्वभावाचे.
चौथा एफ:
तर्जनी आडवी, पहिल्या पट्टीवर,
दाराला अडसर घालावा तशी.
वीस वर्षं पक्कड चालवून तळव्याला घट्टे पडले,
पण गिटारीला तळवा नको, बोटं हवीत,
आणि ती अजून तान्ह्या बाळाची आहेत.
तीन तारा बोलतात, एक खोकते, दोन मुक्या.

गाणं घरात आलं ते कॅसेटवर.
दादाने दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले होते,
स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत,
कुणी बोलायचं नाही अशी ताकीद देऊन.
आई बोलली नाही.
कुकर बोलला.
दुसऱ्या कडव्याच्या टोकाला, नेमका.

गाण्यातला माणूस रात्री उशिरा कुठूनसा परततो,
फाटक ढकलतो, पायरीवर बसून बूट काढतो,
म्हणतो, सगळं होतं तसंच आहे, फक्त नाही
(इथे शिट्टी)

काय नाही?
दादाने दोनशेपानी वहीत देवनागरीत उतरवलं होतं गाणं.
त्या जागी लिहिलं: लाइट. पुढे प्रश्नचिन्ह.
मी ते खोडून लिहिलं: फादर.
तेव्हा बाबा कोराडीला रात्रपाळीत असायचे;
त्याचा काही संबंध नाही, असं मी शपथेवर सांगायचो.
डोंगरवार म्हणाला, काऊन भांडता बे,
रॉकमधी सगळं दारूवरच असते.

मग दादा वाडीला राहायला गेला.
मग हिंगण्याच्या प्लॉटचं झालं. मोजणी, वकील.
चार वर्षं बोलणं नाही.

मूळ गाणं मी इतकी वर्षं शोधलंच नव्हतं.
सोपं होतं, तरी.
परवा लावलं, हेडफोन घालून, वेग अर्धा करून,
गाणारा म्हशीसारखा हंबरायला लागला.
फाटक. पायरी. बूट. फक्त नाही
आणि पुढे काही नाही.
शब्द त्याने गायलाच नव्हता.
ओठ मिटल्याचा बारीक आवाज, ड्रमचा एक ठोका,
आणि लगेच एफ.

सरांना विचारलं. ते रेल्वेत गार्ड होते.
म्हणाले, काही गाड्या स्टेशनात थांबत नाहीत,
नुसता हॉर्न देऊन जातात.
मला पटलं नाही. दुसरं काही सुचलंही नाही.

माझं काम म्हणजे दिवा का लागत नाही ते शोधायचं.
न्यूट्रल ढिली, मीटर जळालं, थकबाकी, उंदीर.
फॉर्मवर कारण लिहावंच लागतं,
रकाना रिकामा सोडला तर साहेब परत पाठवतात.
या माणसाने सोडला.
आम्ही दोघांनी तो भांडून भांडून भरला,
आणि पलीकडे आई तूरडाळ शिजवत होती.

काल रात्री वाजवून, गाऊन, रेकॉर्ड करून
दादाला पाठवलं. सोबत मजकूर नाही.
त्या जागी मी थांबलो, मूळ माणसासारखा.
मागे कूलर तेवढा.

पहाटे सव्वापाचला उत्तर आलं:
एफ दबून नाही राहिला बे.
थोड्या वेळाने दुसरं:
अन् शिट्टी कुठी गेली?

मी कूलरमध्ये पाणी भरायला उठलो.
तर्जनीवर सहा रेघा होत्या, रात्रीच्या,
बादलीची कडी नेमकी त्यांच्यावरच रुतली.