अक्षरामागे अठरा रुपये

काळ्या ग्रॅनाइटवर मी नावं कोरतो.
कोनशिला, दुकानाच्या पाट्या, समाध्या.
काना-मात्रेचे पैसे घेत नाही,
जोडाक्षराचे घेतो.

कमिटीची माणसं एप्रिलात आली,
सावलीतसुद्धा छिन्नी धरवेना असल्या दुपारी.
इराबत्ती राजमल्लूचं स्मारक करायचंय, म्हणाले,
कन्ना चौकाच्या अलीकडे.
फोटो एकच, गिरणीच्या गेटपासावरचा,
त्यावर शिक्का नेमका ओठांवर.
म्हणून पुतळ्याचं तोंड मिटलेलं आहे,
आणि डोक्याला फेटा,
जो त्यानं आयुष्यात बांधला नाही.

खाली त्याचं गाणं हवं. चारच ओळी:

धोट्या, जरा हळू जा रे,
मागाखाली लेक निजली.
भोंग्या, तूही थांब थोडा,
उद्या हिची बोटं विडीला जुंपली.

मी अक्षरं मोजली, आकडा सांगितला.
खजिनदार चिलवेरी कानावरची पेन्सिल काढत म्हणाला,
तीनच बसव.
चौथी तशी सगळ्यांना पाठ आहे.
नगरसेवकाचं नाव सतरा अक्षरांचं.
ते राहिलं.

अनावरण झालं. हार सुकले.
संध्याकाळी विड्या देऊन बायका परतत होत्या,
रिकामी सुपं काखेत, नखं तंबाखूनं पिवळी.
वाचता येणारी एकच होती.
बोट फिरवत फिरवत तिसरी ओळ संपली
आणि बोट घसरलं गुळगुळीत दगडावर.
"अन् मी कुठंय ओ?" तिनं मला विचारलं.
"ती लेक म्हणजे मीच की.
आई सांगायची. माग आमच्याच घरात होता."
दुसरी म्हणाली, "हट्! ती मी.
साखर पेठेत, दुष्काळाच्या साली."
तिसरी तेलुगूत बोलली, भांडल्यासारखी,
तीही स्वतःच्याच छातीवर हात मारत होती.

राजमल्लूला मूलबाळ नव्हतं.
कमिटीच्या पत्रकात तसं छापलेलं, माझ्या खिशात होतं.
मी काढलं नाही.

रात्री हत्यारं घेऊन गेलो.
मोबाईल दातांत धरला, त्याच्या उजेडात
'उद्या' एवढं कोरून झालं,
तेवढ्यात गस्तीची गाडी आली.
हवालदाराला चहा पाजला, घरी आलो.

आता दगडावर तेवढंच आहे:
भोंग्या, तूही थांब थोडा,
उद्या

द्या जोडाक्षर आहे.
त्याचे लावले नाहीत.