केस क्रमांक चार

तीन डंख. तिसरा तोट्यात.
विकावा की ठेवावा? कारणांसह लिहा.

आमच्या गटाने फळ्यावर झाड काढलं,
फांदीफांदीला टक्के टांगले,
पंधरा मिनिटांत विकून मोकळे.

हेमांगी तांडेल तेवढी म्हणाली,
"तिसरा अर्धा किलोवाल्यांसाठी असतो, सर."
"केसमध्ये दिलंय का तसं?"
नव्हतं दिलेलं.
दहापैकी नऊ मिळाले आम्हाला.

मे महिन्यात आईची अर्धा किलो बेडगी घेऊन
लालबागला गेलो.
दोनच डंख धडधडत होते.
तिसऱ्याच्या जागी
फरशीत बोल्टांची चार भोकं, तिखटाने भरलेली.

गल्ल्यावर हेमांगी.
"दोन किलोच्या खाली घेत नाही आता," म्हणाली,
मी शिंकत राहिलो,
आणि तिने माझी पिशवी
तरीही काट्यावर ठेवली.