मदबसा

अल ऐनच्या खजूरबागेतलं घर.
दारावर सरकारी पाटी: हात लावू नये.
मला पगार हात लावण्याचाच.

मातीच्या विटा, खजुराच्याच खोडाचं आढं,
भिंतीत चुन्याआड कुणाचा तरी अंगठा उमटलेला.
आणि ही आतली, बिनखिडकीची.
जमिनीला उसासारख्या सऱ्या.
खलफान सांगतो, इथं गोण्या रचायचे छतापर्यंत,
वरच्यांच्या भारानं खालच्या पाझरायच्या,
काकवी सऱ्यांतून कोपऱ्यातल्या रांजणात.

मी वहीत लिहिलं:
सरी सातवी, खोली चार बोटं.
तो पाणी आणायला गेला तेव्हा
बोट फिरवून चाटलं.
माती. खारट.

रांजण कधीच म्युझियमात गेला.
मुंग्यांना कुणी कळवलं नाही.
त्या अजून सातव्या सरीनंच
कोपऱ्याकडे निघाल्यात.