आ कर

सकाळी सहाला, गिरणीचा पट्टा चढवायच्या आधी
इलाही शिकलगार दाराशी उभा असायचा.
पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत
चार गोळ्या, तांब्याभर पाणी,
मग मी म्हणायची, आ कर.
जीभ वर. आता खाली.
तीन पोरं वाढवली, पण कुणाच्या तोंडात
इतकं रोज डोकावले नव्हते.

शिरोलीच्या फाउंड्रीत साचे भरायचा.
दाढांच्या फटीत काळी वाळू असायची,
माझ्या भुवयांवर जोंधळ्याचं पीठ.
एकदा मलाच ठसका लागला तर म्हणाला,
"वैनी, कार्ड नक्की कुणाचं?"

त्याआधी, चौथ्या दिवशी, घाबरून आला होता.
बाईमाणसाला सांगायचं जिवावर आलेलं.
भिंतीकडं बघत म्हणाला, लघवी शेंदरी होतीया.
सिस्टरांनी मला सांगून ठेवलं होतं,
औषध अंगात गेल्याची ती पावती.
मग रोज आपणहून सांगायचा,
"आज बी शेंदरी,"
दुधाचा दर सांगावा तसा.

तिसऱ्या महिन्यात खोकला गेला
आणि खोकल्यामागनं इलाहीही.
कार्डावर नऊ कोरी घरं.
दहाव्या दिवशी पाकीट घेऊन मी कंपनीच्या गेटवर.
वॉचमननं विचारलं, कोण लागतो तुमचा?
काय सांगणार? दळण सुद्धा माझ्याकडं टाकत नव्हता.
तो आला. ओव्हरटाइम, म्हणाला, आणि मान खाली.
गोळ्या घेतल्या,
गेटवरच, सगळ्यांदेखत, आ केला.

एकशे अडुसष्ट डोस झाले.
शेवटची थुंकी तेवढी राहिली.
डबीवर त्याचं नाव घालून सिस्टर ठेवून गेल्या
आणि त्याच आठवड्यात ठेकेदारानं
अख्खी टोळी चाकणला हलवली.

रजिस्टरात लिहिलं, उपचार पूर्ण.
मी म्हटलं, बरा लिवा की.
"मावशी, थुंकीचा कागद नाही.
पूर्ण वेगळं, बरा वेगळं."
पेनाचं टोपण लावलं त्यांनी.

बेंदराच्या आदल्या दिवशी फोन आला.
मागं भट्टीची घरघर.
पोरीला शाळेत घातली म्हणाला,
इथलं पाणी जड आहे म्हणाला.
मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, आ कर.
तो हसला. मी कान लावून ऐकत राहिले,
हसू मधे कुठं अडकतंय का.
नाही अडकलं.

डबी अजून वजनांच्या शेजारी आहे.
सून म्हणते, चांगली झाकणाची आहे, मोहरी ठेवू.
नको म्हटलं.
नाव आहे तिच्यावर.